शंभर रुपयांची झडती: अडचणीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत पैसे घालण्याआधी एमसीएचं पोर्टल किती कामाचं?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात, नाहीतर वर्धा रोडवरच्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पंधरा-वीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी असते. शाळांना फी-हजेरीचं, धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांना बिलिंगचं किंवा पतसंस्थांना खातेवहीचं सॉफ्टवेअर विकते. धंदा अडकला की मालक ओळखीतल्या चार लोकांकडे जातो: चाळीस लाख द्या, वीस टक्के हिस्सा घ्या. पैसे देणारे बहुतेक जण मालकाचा स्वभाव आणि त्याचं प्रेझेंटेशन बघून ठरवतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर याच कंपनीची कागदपत्रं शंभर रुपयांत उघडतात, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, आणि तिच्या जोडीला वापरायच्या जीएसटी व ईपीएफओच्या (कर्मचाऱ्यांचा पीएफ सांभाळणारी संस्था) मोफत शोध-पानांचं. कसोटी एकच ठेवली आहे: आपला पैसा कंपनीत गेल्यावर त्याच्यावर आपल्या आधी कोणाचा हात पडणार, हे या सेवेतून किती कळतं?

हीच कसोटी का, ते एका काल्पनिक हिशेबातून स्पष्ट होईल. अठरा माणसं, सरासरी पगार ३८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ६ लाख ८४ हजार. भाडं-वीज ७० हजार, क्लाउड सर्व्हर ६० हजार, प्रवास-इंटरनेट-किरकोळ ४६ हजार. एकूण खर्च ८ लाख ६० हजार, वसुली ६ लाख २० हजार. दरमहा २ लाख ४० हजारांची तूट. मालक म्हणतो, तुमच्या चाळीस लाखांत सोळा महिने निघतील, तोवर नवे ग्राहक येतील. भागाकार बरोबर आहे. पण दोन महिन्यांचा पगार थकलेला आहे, १३ लाख ६८ हजार. जीएसटीचे साडेचार लाख, टीडीएसचे १ लाख ६० हजार, पीएफचे १ लाख ९० हजार, सर्व्हरवाल्याचे २ लाख ३० हजार. बेरीज चोवीस लाखांच्या आसपास. ही देणी पहिल्या पंधरवड्यातच दारात येतात, कारण पैसे आल्याची बातमी लपत नाही. उरले सोळा लाख, म्हणजे साडेसहा महिने. मालकाने मधल्या काळात स्वतःचे बारा लाख कर्ज म्हणून घातलेले असतील आणि तेही त्याने काढून घेतले, तर उरतात चार लाख. दोन महिनेसुद्धा नाहीत.

तोटा हा अडचणीतल्या कंपनीचा जाहीर आजार असतो, तो मालक स्वतःच सांगतो. थकबाकी तो सांगत नाही, किंवा अर्धी सांगतो.

फुकटात काय दिसतं

एमसीए-२१ ही व्यवस्था २००६ पासून चालू आहे आणि सध्या तिची व्ही-३ ही आवृत्ती आहे. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. लॉगिन करून कंपनीचा मास्टर डेटा उघडा. नावाने शोधलं तर मिळत्याजुळत्या नावांचा ढीग येतो, म्हणून सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, वापरा. हा क्रमांक लेटरहेडवर आणि बिलावर छापणं कंपनीवर बंधनकारक आहे, त्यामुळे तो मागायला संकोच नको. एकवीस अक्षर-अंकांचा हा क्रमांक स्वतःच थोडंफार बोलतो. पहिलं यू म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही, पुढचे पाच अंक धंद्याचा प्रकार, मग राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, खासगी मर्यादित असल्याची पीटीसी ही खूण आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. सॉफ्टवेअरच्या धंद्याचे अंक जुन्या कंपन्यांत ७२ने आणि नव्यांत ६२ने सुरू होतात. तिथे भलताच अंक असेल, तर कंपनी आधी दुसरं काही करत होती का आणि त्या काळातली देणी मिटली का, एवढं विचारून घ्या.

मास्टर डेटात चार जागा पाहायच्या. कंपनीची स्थिती 'ॲक्टिव्ह' हवी; नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू असल्याचं दिसलं तर पुढे वाचू नका. शेवटच्या वार्षिक सभेची आणि शेवटच्या ताळेबंदाची तारीख किती जुनी आहे ते बघा. सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. असा माणूस कंपनी चालवणार कशी? उशिराचा दंडही प्रत्येक फॉर्मला रोज शंभर रुपये या दराने वाढत जातो. दोन फॉर्म दोन वर्षं रखडले, तर आकडा लाखाच्या वर जातो आणि तो भरणार तुमच्याच पैशातून.

तिसरी जागा अधिकृत भांडवलाची (शेअर काढण्याची कमाल मर्यादा) आणि भरणा झालेल्या भांडवलाची (प्रत्यक्ष काढलेले शेअर). इथे एक बारकी अडचण हमखास निघते. समजा भरणा झालेलं भांडवल एक लाख आहे, दहा रुपयांचे दहा हजार शेअर. तुम्हाला वीस टक्के द्यायचे तर २,५०० नवे शेअर काढावे लागतील, प्रत्येकी १,६०० रुपयांना. भांडवल सव्वा लाखावर जाईल. अधिकृत भांडवल एक लाखच असेल, तर आधी ते वाढवण्याचा सभेचा ठराव आणि एसएच-७ फॉर्म, मगच शेअरवाटप. हे न करता दिलेला शेअर सर्टिफिकेटचा कागद फ्रेम करून लावण्याच्याच लायकीचा. त्याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते: चाळीस लाखांना वीस टक्के म्हणजे पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत १ कोटी ६० लाख धरली. वर्षाची वसुली ७४ लाख ४० हजार. महिन्याला अडीच लाख गमावणाऱ्या कंपनीसाठी वसुलीच्या दुपटीहून जास्त मागताहेत.

चौथी जागा चार्जेसची, म्हणजे तारणाची यादी. बँकेचं तारण उघडं असेल आणि त्यात 'बुक डेट्स' (ग्राहकांकडची येणी) असा उल्लेख असेल, तर ग्राहकांकडून येणारी वसुली आधीच बँकेकडे बांधलेली आहे. कर्ज फिटूनही तारण उतरवल्याचा सीएचजी-४ फॉर्म भरायचा राहिलेला असू शकतो, त्यामुळे उघडं तारण दिसलं की बँकेचं नो-ड्यूज मागा आणि खुलासा ऐका. मात्र ही यादी कोरी दिसली म्हणून कर्ज नाही असं समजू नका. बिनतारणी कर्ज, ॲपवरून घेतलेलं व्यावसायिक कर्ज, संचालकाच्या क्रेडिट कार्डावर चाललेले सर्व्हर यांतलं काहीच इथे येत नाही. कसोटीच्या दृष्टीने ही या सेवेची पहिली मोठी भेग.

संचालकांची नावं दाबली की ते आणखी कुठे संचालक आहेत तेही कळतं. त्याच नावाच्या वळणाची दुसरी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) गेल्या वर्षभरात निघालेली असेल, तर नवे करार नेमके कुठल्या नावाने होताहेत हे तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. जुनी कंपनी देणी सांभाळते आणि नवी ग्राहक, ही रचना सॉफ्टवेअरच्या धंद्यात फार सोपी असते. यंत्रं हलवायची नसतात.

शंभर रुपये भरल्यावर

'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये एका कंपनीचे शंभर रुपये भरले की तीन तास तिची दाखल कागदपत्रं उघडी राहतात. पहिली वीस मिनिटं फक्त उतरवून घेण्यात घालवा, वाचन नंतर. कागद स्थापना, संचालक-बदल, तारण, वार्षिक विवरणपत्र व ताळेबंद, इतर अशा कप्प्यांत असतात. बरेच कागद स्कॅन केलेले असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. वार्षिक फॉर्म व्ही-३वर २०२५मध्ये आले, त्यामुळे जुन्या-नव्या दोन्ही नोंदी चाळाव्या लागतात. सोय म्हणून या पोर्टलला फार गुण देता येणार नाहीत. ऐवज म्हणून मात्र द्यावेच लागतील.

सगळ्यात आधी एओसी-४ला (दरवर्षी हिशेब दाखल करण्याचा फॉर्म) जोडलेला ताळेबंद आणि त्याच्या टिपा. पहिल्या पानावरचा नफा-तोटा सोडा, टिपांकडे जा. तिथे 'इन्टँजिबल असेट्स अंडर डेव्हलपमेंट', म्हणजे तयार होत असलेलं सॉफ्टवेअर, अशी ओळ प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत बऱ्याचदा असते. प्रॉडक्ट बनवणाऱ्यांचा पगार खर्चात न दाखवता मालमत्ता म्हणून दाखवायला हिशेबाचे नियम काही अटींवर परवानगी देतात. शोधाच्या टप्प्यातला खर्च तसा दाखवता येत नाही, तयार होत असलेल्या आणि विकला जाईल अशा प्रॉडक्टचा येतो. अडचणीतल्या कंपनीत या अटी सैल होतात. वर्षाचा तोटा आठ लाख आणि त्याच वर्षी ही ओळ बावीस लाखांनी फुगली, तर रोखीतला तोटा तीस लाख समजा. २०२१पासून या ओळीचं वयही द्यावं लागतं: एक वर्षाच्या आतलं किती, तीन वर्षांपेक्षा जुनं किती. तीन वर्षं 'तयार होत असलेलं' सॉफ्टवेअर बहुधा कोणी वापरत नसतं. ही रक्कम मनातल्या मनात शून्य करून नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) पुन्हा काढा. तोट्यावर दाखवलेली 'डिफर्ड टॅक्स असेट' (पुढे नफा झाला तर वाचेल असा कर) हीसुद्धा त्याच फटक्यात पुसून टाका. बऱ्याचदा शिल्लक उणे येते.

दुसरी टीप येण्याच्या रकमांची. त्यांचंही वय दिलेलं असतं: सहा महिन्यांच्या आतल्या, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, त्याहून जुन्या. शाळेची फी वर्षातून ठरावीक वेळी येते, म्हणून शाळांच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा-आठ महिन्यांची उधारी नवलाची नाही. सरकारी आणि निमसरकारी कामाचं बिल तर त्याहून लांबतं. पण दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम एकूण उधारीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेली असेल, तर ते पैसे बुडालेत आणि लिहून टाकायची हिंमत झालेली नाही, एवढंच. 'अनबिल्ड रेव्हेन्यू' मोठा असेल तर आणखी वाईट: बिलच फाडलेलं नाही, बहुधा ग्राहकाने काम मान्य केलेलं नाही म्हणून.

तिसरी टीप देण्यांची. 'स्टॅच्युटरी ड्यूज पेएबल'मध्ये टीडीएस, जीएसटी, पीएफ, व्यवसायकर असतो. मार्चअखेरच्या आकड्यात एका महिन्याचं देणं असणं सरळ आहे, कारण मार्चचं देणं एप्रिलमध्ये भरतात. चार महिन्यांचं दिसलं, तर कंपनी सरकारच्या पैशावर चाललेली आहे. संचालकांकडून घेतलेलं कर्ज वेगळ्या ओळीत सापडेल. संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेशी ते जुळवा.

इथे एक कागद नसल्याचं लक्षात येईल: रोख प्रवाहाचं पत्रक. कायद्याच्या व्याख्येतली छोटी कंपनी आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप असलेली खासगी कंपनी यांना ते देण्याची सक्ती नाही. म्हणजे अशा कंपनीबद्दल ज्या एका पत्रकाची सर्वाधिक गरज, तेच नेमकं गैरहजर. त्याला पर्याय एकच, सर्व खात्यांची चोवीस महिन्यांची बँक स्टेटमेंट, तीही एक्सेलमध्ये, आणि सोबत बँकेकडून खात्यांची यादी. स्टेटमेंटमध्ये पगाराच्या तारखा बघा. आधी सात तारखेला, मग पंधराला, मग दोन हप्त्यांत, हा क्रम कोणत्याही गुणोत्तरापेक्षा स्पष्ट बोलतो.

लेखापरीक्षकाचा अहवाल छोट्या कंपनीत त्रोटक असतो, कारण सविस्तर अहवालाचा आदेश बहुतेक छोट्या खासगी कंपन्यांना लागू नाही. त्यात 'गोइंग कन्सर्न' हे शब्द शोधा. कंपनी पुढचे बारा महिने तग धरेल की नाही याबद्दल मोठी अनिश्चितता असेल, तर ते वेगळ्या मथळ्याखाली लिहायचं असतं. नेटवर्थ उणे आहे आणि तरी हा मथळा नाही, तर परीक्षकाने डोळे मिटून सही केली किंवा संचालकांनी पैसे घालण्याचं लेखी आश्वासन दिलं. ते आश्वासन मागून घ्या. परीक्षक वर्षाच्या मध्येच गेला असेल, तर त्याने एडीटी-३ फॉर्म भरलेला असतो. त्यातलं कारण वाचा. 'कामाचा व्याप' हे कारण सगळेच लिहितात. फी थकल्याचं कारण लिहिलं असेल, तर त्या परीक्षकाला फोन करण्यासारखा आहे.

वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे एमजीटी-७ किंवा छोट्या कंपन्यांच्या एमजीटी-७एमध्ये, भागधारकांची यादी आणि पीएएस-३मध्ये आधीच्या शेअरवाटपाची किंमत मिळते. कोणी आधी प्रेफरन्स शेअर (पैसे परत मिळण्यात साध्या शेअरच्या पुढे असलेले) घेतले असतील, तर सुधारित आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची नियमावली, उघडा. 'लिक्विडेशन प्रेफरन्स'चं कलम असेल आणि कंपनी दीड कोटीला विकली गेली, तर आधी त्या गुंतवणूकदाराचे एक कोटी जातात आणि उरलेल्या पन्नास लाखांत बाकीचे बसतात. तुमचे वीस टक्के दीड कोटीचे नव्हेत, पन्नास लाखांचे. भागधारकांचा आपसातला करार मात्र पोर्टलवर येत नाही. तो मागूनच घ्यावा लागतो.

आता या सेवेची दुसरी भेग, आणि ही पहिलीपेक्षा खोल आहे: विलंब. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, सभा सप्टेंबरअखेर, त्यानंतर तीस दिवसांत एओसी-४ आणि साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोर्टल उघडलं, तर समोर येणारा ताळेबंद अठरा महिने जुना असू शकतो. महिन्याला २ लाख ४० हजारांच्या तुटीने अठरा महिन्यांत ४३ लाख गेले. तुमच्या गुंतवणुकीपेक्षा मोठं भगदाड पोर्टलच्या नजरेआडच पडलेलं असेल.

विलंब भरून काढणारी दोन पानं

ही कसर जीएसटी आणि ईपीएफओची मोफत पानं बऱ्याच अंशी भरून काढतात, आणि आमच्या मते ईपीएफओचं पान या तिघांत सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि सर्वांत प्रामाणिक आहे. 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये कंपनीचं नाव टाका, तपशील उघडा आणि पेमेंटची यादी काढा. प्रत्येक महिन्याच्या वेतनासाठी पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, किती जमा झाले आणि किती कर्मचाऱ्यांचे झाले, हे ओळीने येतं. मुदत पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेची. चोवीस ओळी एक्सेलमध्ये घ्या. कर्मचारी ३१वरून २६, मग २२, मग १८ असे उतरले असतील, तर प्रेझेंटेशनमधली 'तीस जणांची टीम' कुठल्या सालची हे कळतं. रकमेला माणसांनी भागा. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर कर्मचारी आणि मालक दोघांचा वाटा व इतर आकार धरून माणशी साधारण ३,७५० रुपये यायला हवेत. दोन हजारच येत असतील, तर मूळ वेतन मुद्दाम खाली ठेवलंय किंवा बरेचसे शिकाऊ आहेत. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीची नोंदच नसेल तर ते नियमबाह्य नाही. पण एकदा लागू झालेला पीएफ माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही.

नागपुरात माणसं उतरण्याला एक खास कारण असतं. मिहान या विमानतळाजवळच्या उद्योग-क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीतच पर्सिस्टंट आहे. पगार दोनदा उशिरा झाला की तीन-चार वर्षांचा अनुभव असलेला मुलगा शहर न सोडता निघून जातो. मागे राहतात नवखे आणि मालक. आयटी पार्कसमोरच्या तर्री-पोह्याच्या गाड्यांवर कुठल्या कंपनीचा पगार थकला याची बातमी पोर्टलच्या कितीतरी आधी पोचते, ती ऐकायला मनाई नाही.

जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआयएन (कंपनीचा जीएसटी क्रमांक) टाकून भरणा-तक्ता उघडा. पंधरा अक्षर-अंकांपैकी पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं कंपनीचा पॅन. तिथे संचालकाचा स्वतःचा पॅन निघाला तर बिलं कंपनीची नाहीतच. तक्त्यात जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) यांच्या तारखा येतात. पूर्ण कर भरल्याशिवाय ३बी दाखल होत नाही, म्हणून ३बी रखडलं याचा अर्थ बहुधा कर थकला. उलट मात्र खरं नाही: ३बी वेळेवर असूनही त्यात विक्री कमी दाखवलेली असू शकते. तिमाही भरण्याची योजना घेतलेल्या छोट्या कंपनीत तीन महिन्यांनी एकच नोंद दिसते, तेव्हा घाबरून जाऊ नका. विवरणपत्रं रखडण्याचा परिणाम थकबाकीपुरता राहत नाही. थकलेल्या करावर अठरा टक्के व्याज लागतं, ग्राहकाला त्याचं क्रेडिट मिळत नाही, आणि मोठा ग्राहक बिल रोखतो. ज्या वसुलीवर कंपनी उभी आहे, तीच आटते.

जे कुठल्याच पोर्टलवर नाही

कोडची मालकी आणि ग्राहकांचं टिकणं. ग्राहकांचं लवकर उरकता येतं: देखभाल-कराराच्या नूतनीकरणाची तीन वर्षांची यादी मागा, त्यातल्या पहिल्या पाच ग्राहकांचा वसुलीतला वाटा काढा आणि दोघांना स्वतः फोन करा. एका ग्राहकाचा वाटा तीस टक्क्यांवर असेल, तर तुम्ही त्या ग्राहकावर पैसे लावताय.

कोडला मात्र वेळ द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत असताना लिहिलेल्या कोडचा मालक नोकरी देणारा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, पैसे दिले तरी, लेखी सहीनिशी हस्तांतर झाल्याशिवाय कंपनीचा होत नाही. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परतही जाऊ शकतो, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर. छोट्या कंपन्यांत मोबाइल ॲप बहुधा बाहेरूनच करून घेतलेलं असतं, आणि कागद म्हणून एक ईमेल असतो.

तपासणी अशी करावी. सोर्स कोडच्या रिपॉझिटरीत (कोड जिथे साठवतात ती जागा) फक्त वाचण्यापुरता प्रवेश घ्या. ओळखीतल्या अनुभवी डेव्हलपरला कोरा लॅपटॉप देऊन, कंपनीतल्या कोणाचीही मदत न घेता, सॉफ्टवेअर उभं करायला सांगा. एका दिवसात उभं राहिलं तर छान. तीन दिवसांत नाही राहिलं, तर ते सॉफ्टवेअर कोण्या एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तो माणूस मिहानला अर्ज भरत असू शकतो. कालचा बॅकअप घेऊन तो परत चढवून दाखवायला सांगा; बॅकअप घेतले जातात, चढवून कोणी बघत नाही. डोमेन, क्लाउडचं मुख्य खातं, प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे ते तपासा. सोडून गेलेल्या भागीदाराच्या जीमेलवर असेल, तर पैसे देण्याआधी बदलून घ्या. एजीपीएल या मुक्त-सॉफ्टवेअर परवान्याचे भाग वापरलेले असतील, तर सर्व्हरवरून सेवा दिली तरी वापरकर्त्याला सोर्स कोड देण्याची जबाबदारी येऊ शकते. आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर असेल, तर रुग्णांची माहिती सांभाळण्याची व्यवस्था विचारा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या कसुरीसाठी २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पैसे देताना पोर्टलचा दुसरा उपयोग

'सध्या कर्ज म्हणून द्या, नंतर शेअर करू' हा प्रस्ताव सर्रास येतो. तुम्ही संचालक नाही, संचालकाचे नातेवाईक नाही, भागधारक नाही, तर खासगी कंपनीने तुमच्याकडून असं कर्ज घेणं ठेवीत मोडतं आणि तिला ते घेता येत नाही. कन्व्हर्टिबल नोटची (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) वाट फक्त डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपला खुली आहे, आणि तीही एका हप्त्यात किमान पंचवीस लाख असतील तरच. दहा-दहा लाखांच्या नोटा निघत नाहीत.

सरळ मार्ग प्रायव्हेट प्लेसमेंटचा, म्हणजे ठरावीक व्यक्तींनाच शेअर देण्याचा: तुमच्या नावाचं पीएएस-४ प्रस्तावपत्र, तुमच्या बँक खात्यातून कंपनीच्या वेगळ्या खात्यात पैसे, साठ दिवसांत शेअरवाटप, वाटपापासून पंधरा दिवसांत पीएएस-३. पीएएस-३ दाखल होईपर्यंत कंपनीला ते पैसे वापरता येत नाहीत. हे कलम अडचणीतल्या कंपनीत सर्वांत जास्त मोडलं जातं, कारण पगार तुंबलेले असतात. साठ दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत, नाहीतर बारा टक्के व्याजासह. तेव्हा वाटपानंतर पुन्हा शंभर रुपये भरा आणि पीएएस-३मध्ये तुमचं नाव, शेअरची संख्या आणि किंमत बरोबर आहे का ते पाहा. या एका कामासाठी पोर्टलला पूर्ण गुण.

चाळीस लाख एकदम न देता दहा लाखांचे चार हप्ते करा, प्रत्येक हप्त्याचं स्वतंत्र वाटप. प्रत्येक हप्त्याआधी ईपीएफओ आणि जीएसटीची पानं पुन्हा उघडायची, ही अट करारातच लिहा. जुन्या देण्यांची यादी तारखेनिशी जोडा, त्यात नसलेलं देणं निघालं तर ते संचालकांनी स्वतःच्या खिशातून भरायचं, आणि संचालकांचं कर्ज किमान दोन वर्षं परत करायचं नाही. यावर मालक तयार नसेल, तर चाळीस लाख कुठे जाणार होते याचा अंदाज आलाच.

कंपनी बसलीच, तर दिवाळखोरी संहितेतला क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण असलेले धनको बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिने, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी, मग बाकीचे, मग प्रेफरन्स शेअर, आणि शेवटी साधे शेअर. सॉफ्टवेअर कंपनीकडे विकण्यासारखं फर्निचर आणि जुने लॅपटॉप. महाराष्ट्रातली प्रकरणं एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात, म्हणजे वकीलही तिकडचाच धरायचा. साध्या शेअरवाल्याने या रांगेतून काही मिळेल असं धरून चालू नये.

ही सगळी सेवा खासगी मर्यादित कंपनीसाठी उत्तम चालते. एलएलपी असेल तर पोर्टल तेच, पण वार्षिक कागद दोनच: फॉर्म ११ (विवरणपत्र) आणि फॉर्म ८ (हिशेब), आणि टिपा खूपच तुटपुंज्या. शिवाय एलएलपीत शेअर नसतात, भागीदार म्हणून आत जावं लागतं. आणि 'टेक्नॉलॉजीज' किंवा 'सोल्युशन्स' अशी भारदस्त पाटी असलेली, पण आतून एकट्या मालकाची फर्म असेल, तर एमसीएवर तिचं काहीच सापडणार नाही. तिथे हिस्सा विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी कंपनी काढा, कोड आणि करार तिच्या नावावर करा, मग बोलू, असं सांगून यावं.